सर्व्हिस रीस्टार्ट केली की ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’, त्रुटी ९८. कर्नलमध्ये नेमकं काय बदलायचं?

काटेवाला_कळमना:

नमस्कार मंडळी. उबुंटू लिनक्स २२.०४, त्याचा गाभा म्हणजे कर्नल ५.१५. सी मध्ये लिहिलेली एक सर्व्हिस आहे. कळमना मार्केटच्या आसपासच्या वजनकाट्यांचे सुमारे ४० इंडिकेटर टीसीपीवरून तिला जोडलेले असतात आणि प्रत्येक गाडीचं भरलेलं व रिकामं वजन पाठवतात. पोर्ट ४०४०४, बाइंड (म्हणजे कर्नलकडून पोर्ट ताब्यात घेणं) ०.०.०.० वर. आलेलं वजन दुसऱ्या मशीनवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जातं, दर वजनाला नवं कनेक्शन.

सर्व्हिस रीस्टार्ट केली की बाइंडला त्रुटी ९८ येऊन राहिली. साधारण मिनिटभराने पुन्हा चालू केली की सुरू होते. कधी कधी येतही नाही, पहिल्या झटक्यात चालू होते. आणि दोनदा तर अर्धा तास झाला तरी हटली नाही, शेवटी मशीनच रीबूट करावी लागली. संत्र्याच्या गाड्या रांगेत उभ्या असताना हे परवडत नाही.

आतापर्यंत केलेलं:
टीसीपी_फिन_टाइमआउट ६० वरून १० केला. फरक नाही.
टीसीपी_टीडब्ल्यू_रीयूज १ केला. फरक नाही.
टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल १ करायला गेलो तर सिसकंट्रोल (कर्नलच्या सेटिंग बदलणारी कमांड) म्हणतं, अशी फाइलच नाही.
कोडमध्ये एसओ_रीयूजॲडर आहे, म्हणजे सॉकेटला (जोडणीच्या टोकाला) वापरलेला पोर्ट पुन्हा घेऊ देणारा पर्याय. क्रम असा: सॉकेट, बाइंड, सेटसॉकऑप्ट (पर्याय लावणारा कॉल), लिसन (जोडण्यांची वाट पाहणं).

एलएसओएफ (कोणत्या प्रोसेसने काय उघडलंय ते दाखवणारी कमांड) लावून पाहिलं तर ४०४०४ वर कोणीच दिसत नाही. मग पोर्ट अडवून कोण बसलंय?

—

झिरोमाइल:

भाऊ, तुमचा क्रमच चुकला आहे. एसओ_रीयूजॲडर हा बाइंडच्या आधी लागतो. पोर्ट द्यायचा की नाही हे कर्नल बाइंडच्या क्षणी ठरवतं, आणि तेव्हा सॉकेटवर तो झेंडा (म्हणजे हा पर्याय) नसेल तर ९८ देऊन मोकळं होतं. नंतर लावला तर सेटसॉकऑप्ट शून्यच परत करतो, तक्रार करत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं कोडमध्ये सुखाने नांदते. सॉकेट, सेटसॉकऑप्ट, बाइंड, लिसन असा क्रम करा. सेटसॉकऑप्टचं परतमूल्यही तपासा. खात्री करायची असेल तर एसट्रेसला (प्रोग्रामचे कर्नलला जाणारे कॉल दाखवणारं साधन) फक्त नेटवर्कचे कॉल दाखवायला सांगून सर्व्हिस चालवा, चारही ओळी एकाखाली एक दिसतील.

आता एलएसओएफला कोणी का दिसत नाही ते. जोडणी आधी बंद करणारी बाजू टाइम-वेट मध्ये जाते, म्हणजे बंद झाल्यावरही काही वेळ तिची नोंद राखून ठेवली जाते. सर्व्हिस थांबवता तेव्हा तुमचा सर्व्हर ४० इंडिकेटरांना आधी फिन (जोडणी संपवतोय असं सांगणारं पॅकेट) पाठवतो, म्हणून टाइम-वेट तुमच्याकडे उरतं. इंडिकेटरने आधी बंद केलं असतं तर ओझं त्याच्याकडे गेलं असतं. प्रोसेस मेलेली असते, तिचे फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइली-सॉकेटांचे क्रमांक) गेलेले असतात, नोंद उरते ती फक्त कर्नलकडे. एलएसओएफ डिस्क्रिप्टर शोधतं, त्यामुळे त्याला काही सापडत नाही. त्याऐवजी एसएस (सॉकेटांची यादी देणारी कमांड) वापरा: टी, ए, एन, ओ हे पर्याय द्या आणि सोर्स पोर्ट ४०४०४ ची गाळणी लावा. ओ मुळे प्रत्येक ओळीपुढे टाइम-वेटचे किती सेकंद उरले तेही दिसतं.

लिनक्समध्ये हा काळ ६० सेकंद आहे आणि तो कर्नलच्या कोडमध्येच स्थिरांक म्हणून कोरलेला आहे. सिसकंट्रोलमध्ये त्याला बटण नाही. टीसीपीच्या १९८१ च्या मानकात, आरएफसी ७९३ मध्ये, पॅकेटचं कमाल आयुष्य २ मिनिटं धरलं होतं, त्याच्या दुप्पट म्हणजे ४ मिनिटं थांबायचं. लिनक्सने ते एका मिनिटावर आणलं. टीसीपी_फिन_टाइमआउटचं नाव पाहून सगळे फसतात. तो फिन-वेट-२ साठी आहे, म्हणजे आपण फिन पाठवला, समोरच्याने पोच दिली, पण त्याचा स्वतःचा फिन अजून यायचा आहे, त्या अवस्थेसाठी. १० वर ठेवलात तर मोबाइल नेटवर्कवरच्या सुस्त इंडिकेटरचा फिन उशिरा येईल तेव्हा त्याला रीसेट (जोडणी तडकाफडकी तोडणारं पॅकेट) मिळेल. परत ६० करून टाका.

कधी त्रुटी येते, कधी येत नाही, त्याचंही कारण आहे. सॉकेट बंद होताना त्याच्या बफरमध्ये न वाचलेला डेटा पडून असेल तर लिनक्स फिन ऐवजी सरळ रीसेट पाठवतं, आणि रीसेट झालेल्या जोडणीला टाइम-वेट नसतं. तसंच एखाद्या काट्यावरची वीज गेलेली असेल तर त्याची पोच येत नाही, जोडणी फिन-वेट-१ मध्ये फिन पुन्हा पुन्हा पाठवत राहते, आणि मग मिनिटाचं दीड-दोन मिनिट होतं. उन्हाळ्यात दुपारी रीस्टार्ट करून पाहा म्हणजे कळेल!

—

संत्रा_शेल:

झिरोमाइल यांच्या उत्तरात भर. बाइंडची टक्कर तपासताना लिनक्स दोन्ही बाजूंचा झेंडा पाहतं. नव्या सॉकेटवर एसओ_रीयूजॲडर हवा, आणि जुन्या, पोर्ट अडवून बसलेल्या सॉकेटवरही तो असायला हवा. शिवाय जुना सॉकेट लिसन अवस्थेत नको. ॲक्सेप्टमधून (आलेली जोडणी स्वीकारणारा कॉल) निघणारे सॉकेट हा झेंडा लिसन करणाऱ्याकडून वारशाने घेतात आणि टाइम-वेटच्या नोंदीतही तो उतरतो, म्हणून एकदा नीट लावला की पुढचं सगळं आपोआप होतं.

पण ज्या जुन्या बायनरीत झेंडा अजिबात नव्हता, ती थांबवून दुरुस्त बायनरी लगेच चढवली तर पहिल्या खेपेला त्रुटी ९८ तशीच येऊ शकते. लोक म्हणतात, ‘लावला, तरी काही उपयोग नाही’, आणि काढून टाकतात. ६० सेकंद थांबा, मग दुसरा रीस्टार्ट करून निकाल लावा.

टीसीपी_टीडब्ल्यू_रीयूज तुमच्या कामाचा नाही. तो बाहेर जाणाऱ्या कनेक्टसाठी आहे: त्याच पत्त्याकडे नवी जोडणी करताना एक सेकंदाहून जुनी टाइम-वेटची जागा वापरू देतो, तेही टीसीपी टाइमस्टॅम्प (पॅकेटवरची वेळेची खूण) चालू असेल तर. बाइंडशी त्याचा काही संबंध नाही. कर्नल ४.१९ पासून तो मुळातच २ असतो, म्हणजे फक्त लूपबॅकपुरता (मशीनच्या स्वतःशीच होणाऱ्या जोडण्यांपुरता) चालू.

आणि टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल सापडला नाही ते बरंच झालं. कर्नल ४.१२ मध्ये, २०१७ साली, तो काढून टाकला. तो एका आयपीवरून येणाऱ्या टाइमस्टॅम्पची तुलना करायचा. एकाच नॅटमागे (अनेक यंत्रांना एकच बाहेरचा आयपी देणारी सोय) दहा यंत्रं असली की दहा वेगवेगळी घड्याळं एका आयपीवरून येतात, मग ज्याचं घड्याळ मागे त्याचा सिन (नवी जोडणी मागणारं पॅकेट) चुपचाप टाकून दिला जायचा. ना लॉग, ना रीसेट. तुमचे बरेचसे इंडिकेटर सिमकार्डावर असतील, म्हणजे मोबाइल कंपनीच्या नॅटमागेच. जुन्या कर्नलवर हे चालू झालं असतं तर निम्मे काटे ‘कनेक्ट होत नाही’ म्हणून ओरडले असते. इंटरनेटवर अजूनही ‘सर्व्हर फास्ट करा’ छापाच्या लेखांत ही ओळ फिरून राहिली आहे.

—

काटेवाला_कळमना:

क्रम बदलला. सहा वेळा रीस्टार्ट केलं, एसएसमध्ये टाइम-वेटच्या पस्तीसेक ओळी दिसतात आणि तरी सर्व्हिस लगेच उठते. धन्यवाद जी.

पण एक शंका. टाइम-वेट हे काहीतरी सुरक्षेसाठी असेल ना? आपण ते डावलून तर नाही राहिलो?

आणि तो अर्ध्या तासाचा प्रकार कालच पुन्हा घडला, झेंडा लावल्यानंतर. या वेळी रीबूट न करता एसएस लावलं. ४०४०४ साठी एकच ओळ होती: एस्टॅब्लिश्ड (चालू जोडणी), स्थानिक बाजू आमच्या सर्व्हरचा आयपी आणि ४०४०४, समोरची बाजू पोस्टग्रेसचं मशीन, पोर्ट ५४३२. प्रोसेसचं नाव आमच्या रोजच्या अहवालाच्या स्क्रिप्टचं. ती तर ४०४०४ वापरतच नाही! काहून दिसली असेल?

—

झिरोमाइल:

सापडला चोर.

ती स्क्रिप्ट ४०४०४ मागत नाही, कर्नल तिला तो देऊन टाकतं. बाहेर जोडणी करताना आपण सोर्स पोर्ट सांगत नाही, तेव्हा कर्नल आयपी_लोकल_पोर्ट_रेंज मधून एक उचलतं. ही रेंज मुळात ३२७६८ ते ६०९९९. तुमचा ४०४०४ बरोबर तिच्या पोटात. तुमची सर्व्हिस चालू असते तोवर धोका नाही, कारण पोर्ट तिच्या ताब्यात आहे. ती थांबल्यावर जे एक-दोन सेकंद मिळतात, त्यात दुसऱ्या कोणी पोस्टग्रेसला जोडणी केली आणि नेमका हाच आकडा पडला की खेळ संपला. अहवालाची स्क्रिप्ट अशाच जोडण्या करते, म्हणजे चिठ्ठ्या निघत राहतात.

त्यातही तुमचा आकडा सम आहे. कर्नल ४.२ पासून कनेक्टसाठी पोर्ट शोधताना रेंजच्या पहिल्या आकड्याशी जुळणारे, म्हणजे ३२७६८ सम म्हणून सम पोर्ट, आधी पाहिले जातात. विषम आकडे शक्यतो बाइंडला शून्य पोर्ट देणाऱ्यांसाठी (म्हणजे ‘कोणताही पोर्ट चालेल’ म्हणणाऱ्यांसाठी) सोडलेले असतात. त्यामुळे २८,२३२ पैकी खरा खेळ १४,११६ मध्येच चालतो. ४०४०५ निवडला असता तर कदाचित हे कधी दिसलंच नसतं, आणि ते जास्त वाईट, कारण मग वर्षातून एकदा दिसलं असतं.

एसओ_रीयूजॲडर इथे का चालला नाही, तर संत्रा_शेल यांनी सांगितलेला दोन्ही बाजूंचा नियम. स्क्रिप्टच्या सॉकेटवर झेंडा नाही. तुम्ही ०.०.०.० वर बाइंड करता म्हणजे सगळे स्थानिक आयपी आले, तेव्हा टक्कर पक्की. स्क्रिप्टची जोडणी अर्धा तास उघडी, तर तुमची त्रुटीही अर्धा तास. ती बंद झाल्यावरही टाइम-वेटचं एक मिनिट वर, कारण त्या नोंदीतही झेंडा नाही.

दोन उपाय. सरळ उपाय म्हणजे पोर्ट ३२७६८ च्या खाली आणायचा. पण ४० काट्यांवर जाऊन इंडिकेटरमध्ये पोर्ट बदलणं म्हणजे कामठीपासून बुटीबोरीपर्यंत फिरणं, ते मला कळतं. म्हणून दुसरा: /ईटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये एक फाइल करून त्यात नेट.आयपीव्ही४.आयपी_लोकल_रिझर्व्ह्ड_पोर्ट्स = ४०४०४ अशी ओळ टाका, मग सिसकंट्रोलला सिस्टिम हा पर्याय देऊन सगळ्या फाइली पुन्हा वाचायला लावा. यापुढे कर्नल स्वतःहून हा पोर्ट कोणाला देणार नाही. तुमच्या सर्व्हिसच्या थेट बाइंडला मात्र काही अडचण नाही, राखीव म्हणजे फक्त आपोआप वाटपातून वगळलेला.

हे लिहिताना तीन ठिकाणी लोक घसरतात. ही ओळ आधीची पूर्ण यादी पुसून नवी लिहिते, त्यामुळे दुसऱ्या फाइलमध्ये कोणी आधीच पोर्ट राखले असतील तर सगळे एकाच ओळीत स्वल्पविरामाने लिहा. आधीच उघडी असलेली जोडणी यामुळे सुटत नाही. आणि ही सेटिंग प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसची (मशीनमधल्या वेगळ्या केलेल्या नेटवर्कची) वेगळी असते, सर्व्हिस कंटेनरमध्ये असेल तर होस्टवर लिहून तिथे काही होत नाही.

सुरक्षेची शंका रास्त आहे. टाइम-वेट दोन गोष्टींसाठी असतं: आपली शेवटची पोच हरवली तर समोरच्याच्या पुन्हा आलेल्या फिनला उत्तर द्यायला कोणी तरी हवं, आणि जुन्या जोडणीचं भटकलेलं पॅकेट त्याच चौकडीच्या नव्या जोडणीत शिरू नये. चौकडी म्हणजे दोन आयपी आणि दोन पोर्ट. एसओ_रीयूजॲडर त्या नोंदी पुसत नाही, त्या आपला वेळ पूर्ण करतातच, तुम्हीच पाहिल्यात ना पस्तीस ओळी. तो फक्त नव्या लिसनरला त्याच पोर्टवर बसू देतो. त्याच इंडिकेटरने त्याच सोर्स पोर्टवरून परत सिन पाठवला तरी टाइमस्टॅम्प नवा असेल किंवा क्रमांक पुढचा असेल तरच लिनक्स ती जोडणी घेतं. काही स्वस्त मॉड्यूल दर वेळी तोच सोर्स पोर्ट वापरतात आणि टाइमस्टॅम्पही पाठवत नाहीत. एखादा काटा रीस्टार्टनंतर मिनिटभर उशिरा जोडला जात असेल तर तिथे पाहा.

टाइम-वेट खरंच डावलणारा प्रकार वेगळा आहे: एसओ_लिंगर चालू करून वेळ शून्य ठेवणं. त्याने बंद करताना रीसेट जातो आणि पाठवायचा राहिलेला डेटा फेकला जातो. वजनाच्या नोंदीला ते करू नका.

—

फुटाळा_रूट:

एवढं सगळं कशाला? एसओ_रीयूजपोर्ट लावा, दोन प्रोसेस एकाच पोर्टवर बसतात. त्रुटीच येणार नाही.

—

संत्रा_शेल:

त्रुटी येणार नाही, आणि तोच तर त्रास आहे. एसओ_रीयूजपोर्ट कर्नल ३.९ मध्ये, २०१३ साली आला, तो अनेक वर्कर प्रोसेसमध्ये नव्या जोडण्या वाटण्यासाठी. प्रत्येक सॉकेटवर, पहिल्यावरसुद्धा, तो बाइंडआधी लागतो आणि सगळ्यांचा यूजर आयडी एकच असावा लागतो, म्हणजे दुसरा कोणी येऊन पोर्ट चोरू नये. कर्नल चौकडीचा हॅश (तिच्यावरून काढलेला एक आकडा) काढून ठरवतं की कोणती जोडणी कोणाकडे जाणार.

आता समजा जुनी प्रोसेस नीट मेली नाही आणि नवी सुरू झाली. रीयूजॲडरने तुम्हाला लगेच ९८ दिली असती, कारण लिसन अवस्थेतला सॉकेट तो कधीच ओलांडू देत नाही. रीयूजपोर्टने दोघंही आनंदाने लिसन करतील आणि साधारण निम्मे काटे जुन्या बायनरीला वजन पाठवत राहतील. सकाळी हिशेब जुळणार नाही आणि लॉगमध्ये एक अक्षर नसेल. स्क्रिप्टच्या जोडणीने अडवलेल्या पोर्टवरही तो निरुपयोगी, कारण तिच्यावर हा झेंडाही नाही.

शिवाय एक लिसनर बंद केला की त्याच्या रांगेत ॲक्सेप्टची वाट पाहणाऱ्या जोडण्यांना रीसेट मिळतो. कर्नल ५.१४ पासून टीसीपी_मायग्रेट_रेक ही सेटिंग १ केली तर त्या दुसऱ्या लिसनरकडे वळवता येतात, पण मुळात ती बंद असते. ४० काट्यांना एक प्रोसेस पुरते. इथे याची गरज नाही.

—

फुटाळा_रूट:

बरं, मान्य. मग आणखी एक जागा तपासायला सांगतो. तुमची सर्व्हिस पावती छापायला सिस्टिम() किंवा पीओपन() ने दुसरा प्रोग्राम चालवते का? तसं असेल तर लिसन करणारा डिस्क्रिप्टर त्या पोराकडेही जातो. मुख्य सर्व्हिस मेली आणि प्रिंटरचा कागद संपून पोरगं अडकलं असेल तर पोर्ट लिसन अवस्थेतच राहतो, आणि तिथे कोणताच झेंडा चालत नाही. ओळखायची खूण: एसएसला एल आणि पी पर्याय दिले की लिसनच्या ओळीत सर्व्हिसऐवजी छपाईच्या प्रोग्रामचं नाव दिसतं. उपाय: सॉकेट बनवताना सॉक_क्लोएक्झेक (दुसरा प्रोग्राम सुरू होताना डिस्क्रिप्टर बंद करणारा झेंडा) जोडा, कर्नल २.६.२७ पासून चालतं, आणि ॲक्सेप्टच्या जागी ॲक्सेप्ट४ वापरून तिथेही तोच झेंडा द्या.

—

काटेवाला_कळमना:

पावती सिस्टिम() नेच छापतो. अजून अडकलं नाही, पण क्लोएक्झेक दोन्हीकडे टाकला. ४०४०४ राखीव केला, दोन्ही मशीनवर. फिन टाइमआउट परत ६०.

सिस्टिमडीच्या (सर्व्हिस चालवणारा आणि पडली तर उठवणारा प्रोग्राम) युनिटमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या सेटिंग फाइलमध्ये, रीस्टार्ट नेहमी असं आहे, तरी त्या अर्ध्या तासात त्याने प्रयत्न थांबवले होते. ते का?

—

झिरोमाइल:

त्याची मूळ सेटिंग: दोन प्रयत्नांमध्ये १०० मिलिसेकंद, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू होऊन पडली की हात टेकायचे. बाइंड लगेच फसतो, त्यामुळे पाचही प्रयत्न सेकंदभरात संपतात आणि युनिट फेल्ड होऊन बसतं. मग पोर्ट मोकळा झाला तरी कोणी उठवत नाही. रीस्टार्टसेक ५ करा, म्हणजे १० सेकंदांत पाच प्रयत्न होणारच नाहीत आणि मर्यादा लागू पडणार नाही.

पण ते करताना बाइंड फसला तर लॉगमध्ये त्रुटी क्रमांकासोबत एसएसचा निकालही उतरेल अशी सोय ठेवा. युनिटच्या एक्झेकस्टॉपपोस्टमध्ये एक छोटी स्क्रिप्ट पुरते. पुढच्या वेळी पोर्टवर लिसन आहे, एस्टॅब्लिश्ड आहे की टाइम-वेट, हे तिथेच दिसेल.

—

संत्रा_शेल:

आणि घरच्या विंडोज लॅपटॉपवर हा कोड तपासत असाल तर सांभाळून. तिथे एसओ_रीयूजॲडर चालू लिसनरच्या डोक्यावर दुसऱ्याला बसू देतो. विंडोजवर सर्व्हरसाठी एसओ_एक्सक्लुझिव्हॲडरयूज लावतात. जावा, गो आणि नोड लिनक्सवर सर्व्हर सॉकेटला रीयूजॲडर स्वतःच लावतात. पायथनचा साधा सॉकेट लावत नाही, तिथे सी सारखंच हाताने, बाइंडच्या आधी.